पॅड धुण्याची बादली

माझ्या दोन्ही अंगठ्यांना भेगा पडल्या, त्या वर्षी मी रेशमी ब्लाउज शिवायला घेणं बंद केलं. कापड बोटाला अडकायचं आणि धागा ओढला जायचा. बायका विचारायला आल्या की मी सांगायचे, सध्या हातात खूप काम आहे. खरं सांगायची लाज वाटायची.

भेगा पडल्या त्या नवऱ्याचे पॅड धुऊन धुऊन. तो गाड्यांना पॉलिश करतो. आधी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना बफिंग करायचा. कारखाना गुजरातला हलला, तेव्हा त्याने पॉलिशचं मशीन घेतलं आणि बदलापुरात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन लोकांच्या गाड्या चमकवायला लागला. हात मुळात चांगला. एकाची गाडी बघून शेजारचा बोलवायचा. मशीनच्या तोंडाला फोमची एक गोल गादी लागते, साधारण उत्तप्प्याएवढी. तिला पॅड म्हणतात. त्यावर कंपाउंडची पेस्ट घ्यायची आणि गाडीच्या रंगावर फिरवायची. गाडीचा मळ, रंगाचा वरचा मेलेला थर आणि पेस्ट, हे सगळं त्या फोममध्ये भरत जातं. एका गाडीला सात-आठ पॅड लागतात. संध्याकाळी ते सगळे पिशवीतून घरी यायचे आणि मोरीत माझ्यासमोर पडायचे.

मी धुते, हे सुरुवातीला मीच म्हटलं होतं. तो दिवसभर वाकून आलेला असायचा, आणि मला वाटलं, सात-आठ तर आहेत, किती वेळ लागणार? पण फोम पिळता येत नाही, फाटतो. गरम पाण्यात कडक साबण टाकून, अंगठ्याने दाबत दाबत, आतलं पांढरट दूध निघेपर्यंत बसावं लागतं. पाणी फार गरम झालं तर मागचा वेलक्रो सुटून हातात येतो. एका पॅडला दहा-बारा मिनिटं सहज जायची.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात उलटे-पालटे करून पाहिले.

"काय काम करता?"

"शिवणकाम."

"शिवणकामाने असं होत नाही. आणखी काय?"

"पॅड धुते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गाडीच्या पॉलिशचे," मी घाईने म्हणाले.

त्यांनी मलम लिहून दिलं आणि सांगितलं, "हात रोज त्या पाण्यात जाणार असतील तर ह्या मलमाचा काही उपयोग नाही. ते आधी बंद करा."

रबरी हातमोजे घालून पाहिले. बोटाला फोममधली कचकच कळेना, आणि आत घाम येऊन भेगा आणखी चिघळल्या. मग नवरा म्हणाला, "तू हात लावू नकोस. मी धुतो." पण तो घरी येईपर्यंत दुपारचे पॅड वाळून पापडासारखे झालेले असायचे. थकलेला माणूस, दोन पॅड नीट धुवायचा आणि बाकीचे नुसते बुडवून काढायचा. मला ते दिसत होतं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर मलाच मोरीत बसावं लागलं असतं.

महिनाभरात त्याचा परिणाम दिसला. बदलापूर पूर्वेला एक निवृत्त बँक अधिकारी राहतात, त्यांची काळी गाडी नवऱ्याने केली होती. आठवड्याने त्यांचा फोन आला, येऊन बघा. आम्ही रविवारी सकाळी माझ्या वडिलांकडे अंबरनाथला निघालो होतो, म्हणून मीही बाइकवर मागे होते. काकांनी गाडी मुद्दाम उन्हात काढून ठेवली होती. सावलीत ती आरशासारखी दिसली असती. उन्हात बॉनेटभर बारीक गोल ओरखडे चमकत होते, कोळ्याचं जाळं पसरल्यासारखे. वाळलेल्या पॅडमधल्या खड्यांनी ते काम केलं होतं.

काका ओरडले नाहीत. ते म्हणाले, "मी ही गाडी सहा वर्षं रोज माझ्या हाताने पुसतो आहे. असा एक ओरखडा नव्हता हिच्यावर."

"काका, मी पुन्हा करून देतो. काही घेणार नाही," नवरा म्हणाला.

"त्याच पॅडने?"

नवऱ्याने खाली पाहिलं. त्याची मान मी कारखाना बंद झाला त्या दिवशीही इतकी खाली गेलेली पाहिली नव्हती. मला राहवेना.

"काका, पॅड नीट धुतले गेले नव्हते," मी म्हणाले. "चूक आमची आहे. मी त्याची सोय करते, मग आम्ही येतो."

"कसली सोय करणार तुम्ही?"

"ते अजून ठरलं नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ठरलं की या," ते म्हणाले आणि गाडीवर कव्हर घालायला लागले.

आम्ही बाइकवर बसलो. मी मागून म्हणाले, "अहो, पॅड धुवायचं मशीन असतंच की. तुम्हीच मला मोबाइलवर दाखवलं होतं." परदेशातल्या कुणाचा तरी व्हिडिओ होता तो. झाकणाच्या बादलीत मशीन उभं घालतात, खालून पाणी उडतं, पॅड आतल्या आत फिरून स्वच्छ होतो. नवरा म्हणाला, "ते इकडे मिळत नाही गं." मी म्हणाले, "मग करू."

मला वाटलं होतं सोपं आहे. दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून रंगाची रिकामी बादली काढली. आम्ही बदलापुरातच, मांजर्लीत तळमजल्यावर राहतो, नदीचं पाणी दोनदा घरात येऊन गेलंय, त्यामुळे आमचं सगळं सामान माळ्यावरच असतं. बादलीच्या तळाला कपडे घासायचा ब्रश स्क्रूने बसवला, पाणी ओतलं आणि नवऱ्याला म्हणाले, फिरवा. त्याने मशीनचं बटण दाबलं आणि क्षणात मोरीच्या भिंती, छत, आम्ही दोघं, सगळं पांढरं झालं. शेजारच्या काकूंची चादर बाहेर वाळत होती, तिच्यावरही ठिपके पडले. पॅड बाहेर काढला तर फोमचे लचके निघाले होते. काकूंची चादर मी धुऊन दिली, त्याच हातांनी.

त्या शनिवारी मी वडिलांकडे गेले. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. आता एका डोळ्याने अंधुक दिसतं आणि उजवा हात थरथरतो, चहाचा कप बशीत ठेवला की वाजतो. मी फाटलेला पॅड त्यांच्या हातात दिला आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी पॅड बोटांनी चाचपला.

"कागद आणलास?"

"कसला कागद?"

"बादली आणली, ब्रश आणला, स्क्रू मारले. कागद कुठाय? आधी कागदावर काढ."

मी ब्लाउजचे नमुने कापायला वापरते तो खाकी कागद पिशवीत होताच. त्यावर बादली काढली. त्यांनी तो डोळ्याशी नेऊन पाहिला.

"पॅड कशावर टेकणार?"

"जाळीवर. सिंकमध्ये बसवतात ती स्टीलची."

"पक्की बसवलीस तर पुन्हा फोम फाडशील. माणूस वरून दाबणार, खाली जाळी हलणार नाही, मग मधे कोण मरणार?"

"फोम."

"तो दाब कुठेतरी गेला पाहिजे."

मी कागद पुढ्यात ओढला. मग जाळीच्या खाली चार ठिकाणी स्प्रिंग काढल्या. त्यांनी नुसती मान हलवली आणि विचारलं, "पाणी कोण उडवणार?" मी म्हणाले, कूलरचा पंप टाकते, तो पाण्यातच असतो. एवढं ऐकल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला.

"घरची वीज पाण्यात सोडायची आणि वर माणसाने ओल्या हाताने मशीन धरून उभं राहायचं? अजिबात नाही. गाडीच्या काचेवर पाणी मारणारी मोटर असते बघ छोटी. बारा व्होल्टची. ती जुन्या बॅटरीवर चालव. आणि त्याचं पॉलिशचं मशीन पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, थेंब जाता कामा नये. झाकणाचं काय?"

झाकणाचं मला सुचत नव्हतं. पॅड आत जायचा तर भोक मोठं हवं, आणि भोक मोठं ठेवलं तर पाणी बाहेर. ते म्हणाले, "घरी जाऊन विचार कर." तो कागद त्यांनी मला तीन वेळा परत काढायला लावला. शेवटच्या वेळी म्हणाले, "जाळी आणि बादलीच्या कडेत दोन सूत जागा सोड, नाहीतर अडकेल." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांच्या हातात हॅक्सॉ द्यायचा मोह मी टाळला. त्यांनीही मागितला नाही.

सामान घ्यायला मी एकटीच उल्हासनगरला गेले. कॅम्प तीनमध्ये जुन्या स्पेअर पार्टचं एक दुकान आहे, मालक म्हातारे सिंधी गृहस्थ. मोटर मागितली तर त्यांनी विचारलं, "कौनसी गाडी की, भाभी?"

"गाडी की नहीं. बालटी की."

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मी खाकी कागद काउंटरवर पसरला. ते कागदावर वाकले, मग आत जाऊन वेगवेगळ्या तीन मोटरी घेऊन आले आणि तिन्ही बॅटरीला लावून, तोंडाशी पाणी धरून दाखवल्या. ज्या मोटरची धार सर्वात उंच गेली ती मी घेतली. स्प्रिंगांचा एक अख्खा डबा त्यांनी माझ्यापुढे ओतला. मला चार अगदी सारख्या हव्या होत्या, नाहीतर जाळी तिरकी बसली असती. मी तिथेच स्टुलावर बसले, एकेका स्प्रिंगवर त्यांच्या काट्याचं वजन ठेवलं आणि पिशवीतली टेप काढून प्रत्येक किती दबते ते मोजलं. दोन तास गेले. दुकानात येणारी-जाणारी माणसं बघत होती.

"इंजीनियर हो क्या?" मालकांनी विचारलं.

"टेलर हूँ."

"तभी," ते म्हणाले. का ते मला कळलं नाही, पण बरं वाटलं.

घरी आल्यावर पहिल्या बादलीला ड्रिलने भोक पाडताना ती तडकली. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "आतून लाकडाचा तुकडा टेकवलास का?" नव्हता टेकवला. दुसरी बादली आणली, लाकूड टेकवलं, भोक गोल आणि स्वच्छ पडलं. चार बोल्टवर चार स्प्रिंगा, त्यावर जाळी. हाताने दाबली की खाली जायची आणि सोडली की सरळ वर यायची, जराही तिरकी न होता. जाळीच्या मधोमध खालून मोटरच्या पाइपचं तोंड.

झाकणाचं उत्तर शिवणातून आलं. एका मुलीचा कळ्यांचा घागरा कापत होते. कळ्या वर अरुंद, खाली रुंद, आणि एकमेकींवर चढलेल्या. मी कात्री खाली ठेवली. रिक्षाच्या जुन्या ट्यूबच्या रबराच्या तशाच आठ कळ्या कापल्या आणि झाकणाच्या भोकाभोवती अशा बसवल्या, की प्रत्येकीची कड शेजारणीखाली जाईल आणि टोकं मधे येतील. पॅड आत ढकलला की कळ्या वाकायच्या, आणि मशीनच्या मानेभोवती पुन्हा मिटायच्या. सुईने रबर शिवायला गेले तर दोन सुया मोडल्या, म्हणून मग छोटे नटबोल्ट लावले.

पहिली चाचणी मागच्या गॅलरीत घेतली. नवऱ्याने मशीन धरलं, मी मोटर चालू केली. आतून पाण्याचा आवाज यायला लागला. बाहेर एक थेंब नाही. त्याने पॅड जाळीवर टेकवून हळू फिरवला, मग जाळीपासून उचलून आतल्या आत जोरात फिरवला म्हणजे पाणी झटकलं जाईल. बाहेर काढला तेव्हा पॅड नव्यासारखा पिवळाधमक दिसत होता. नवरा हसला. कितीतरी दिवसांनी.

मी पॅड वाळू दिला आणि पांढऱ्या अस्तराच्या तुकड्यावर घासला. करडा पट्टा उमटला.

"आधीपेक्षा कितीतरी बरं आहे," नवरा म्हणाला. "चालेल हे."

"नाही चालणार."

"अगं, किती दिवस हेच करणार आहेस? तुझ्याकडे ब्लाउज पडलेत. लोक फोन करतायत."

"काळ्या गाडीवर हा पट्टा उमटणार. तुम्ही काकांसमोर जाल हे घेऊन?"

तो रागावून आत गेला. त्याचंही खरं होतं. तीन आठवडे झाले होते आणि माझी शिलाई मागे पडली होती. पण मला तो पट्टा दिसत राहिला. दोन दिवस मी बादली उघडून नुसती बघत होते. तिसऱ्या दिवशी कपडे धुताना लक्षात आलं. कपडे आपण शेवटी साबणाच्या पाण्यात खळबळत नाही, नवीन पाणी घेतो. माझी मोटर मात्र बादलीच्या तळातलं तेच घाण पाणी ओढून पॅडवर परत मारत होती. इतकी साधी गोष्ट. मला स्वतःचाच राग आला.

मोटर काढली आणि शेजारी ठेवलेल्या वेगळ्या, चांगल्या पाण्याच्या बादलीत टाकली. धुण्याच्या बादलीच्या तळाला भोक पाडून बेसिनचा पाइप लावला, म्हणजे घाण पाणी लगेच बाहेर कॅनमध्ये जाईल. पुन्हा चाचणी. नवरा मशीन घेऊन आला. ह्या वेळी अस्तर पांढरंच राहिलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, खिडकीशी नेऊन उलटं-सुलटं पाहिलं आणि दुसरा पॅड आणायला गेला. त्या संध्याकाळी त्याने घरातले सगळे जुने पॅड धुऊन काढले. मी हात लावला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही बादल्या, बॅटरी आणि पाइप रिक्षात घालून काकांच्या सोसायटीत गेलो. ते खाली उतरले आणि म्हणाले, "माझ्यासमोर धुवा." खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून त्यांनी धुतलेला ओला पॅड स्वतः त्यावर दाबला. रुमालावर नुसतं पाणी उतरलं. त्यांनी रुमाल झटकला आणि कठड्यावर वाळत टाकला.

"करा सुरू."

नवऱ्याने बॉनेट केलं, पॅड धुतला. डावा दरवाजा केला, पॅड धुतला. आधी तो सगळी गाडी संपेपर्यंत पॅड बदलत जायचा, आता प्रत्येक भागानंतर धुता येत होता. पॅड हलका फिरतोय, रंगावर अडकत नाही, असं तो मधेच मला सांगायचा. काका खुर्ची टाकून बसले होते. उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्यांनी गाडी सावलीतून बाहेर काढली आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहू लागले. डोकं इकडे, डोकं तिकडे. आम्ही दोघं उभे. 

"ह्या दाराच्या हँडलखाली एक आहे," ते म्हणाले.

नवऱ्याने जवळ जाऊन पाहिलं. "काका, हा खोल आहे. हा पॅडचा नाही. किल्लीचा वाटतो."

काकांनी बोट फिरवून पाहिलं. "हो," ते म्हणाले. "तो माझाच आहे." मग सरळ झाले, बादलीपाशी आले आणि मला झाकण उघडायला लावलं. आत वाकून म्हणाले, "ही जाळी कशाची?"

"सिंकची."

"आणि हे रबर?"

"रिक्षाच्या ट्यूबचं."

शाबासकी वगैरे त्यांनी दिली नाही. पण त्याच आठवड्यात त्यांच्या मजल्यावरच्या दोघांनी नवऱ्याला बोलावलं, आणि दोघांनीही काकांचं नाव सांगितलं.

माझे अंगठे भरून यायला दोन महिने लागले. डॉक्टर म्हणाल्या, डाग राहतील थोडे. राहू देत. मी पैठणीचा ब्लाउज शिवायला घेतला तेव्हा काठावर बोट फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही.

पॉलिशचं सामान नवरा बदलापुरातल्याच एका कार डेकोरच्या दुकानातून आणतो. मधे एकदा वांगणीला एका फार्महाउसवर दोन गाड्या करायच्या होत्या, मी मदतीला बरोबर होते, आणि जाताना कंपाउंड घ्यायला आम्ही भाड्याच्या टेम्पोतून तिथे थांबलो. दुकानदाराने मागची बादली पाहिली आणि चालवून दाखवायला सांगितली. त्याच्याकडे पॉलिश करणारी चार माणसं होती. पाहून झाल्यावर तो नवऱ्याला म्हणाला, "मेरे को दो बना दे. पर ये ऊपर का रबर-बिबर निकाल दे. उसमें टाइम जाता है, सादा ढक्कन दे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"बनानेवाली मैं हूँ," मी म्हणाले. "रबर के बिना नहीं दूँगी. पानी ऊपर मशीन में जाएगा. करंट लगेगा आदमी को."

"अरे भाभी, सब ऐसे ही काम करते हैं. किसी को कुछ नहीं होता."

"तो सब से बनवा लो."

मी झाकण लावलं आणि नवऱ्याला म्हणाले, चला, उशीर होतोय. बादली त्याने एका बाजूने उचलली, मी दुसऱ्या. आम्ही टेम्पोपर्यंत पोचलो असू, तेवढ्यात दुकानदार पायरीवर आला.

"रुको रुको. रबर के साथ बनाओ. दो."

"तुम्हारी मशीन दिखाओ पहले," मी म्हणाले. त्यांच्या मशीनची मान आमच्या मशीनपेक्षा बरीच जाड निघाली. आठ कळ्या पुरणार नव्हत्या, दहा लागणार होत्या. मी माप लिहून घेतलं आणि आम्ही वांगणीच्या रस्त्याला लागलो.